घड्याळ मागे आहे

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या सोसायट्यांत दर दोन-तीन मजल्यांमागे एक अण्णा असतात. सांगली-मिरजेकडून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने येतात, 'नातवाला बघून आठ दिवसांत परततो' म्हणतात आणि चातुर्मास काढतात. सामानात भडंग, ज्वारीचं पीठ आणि सोलापुरी चादरीत तान्ह्या बाळासारखा गुंडाळलेला विंडोज ७ चा सीपीयू.

मुलगा अमेरिकेतल्या बँकेचे सर्व्हर सांभाळतो. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र एक पान उघडेना, तेव्हा त्याने राउटर बंद-चालू केला, केबल काढून फुंकर मारली आणि निकाल दिला, "अण्णा, भंगारात द्या हो. विंडोज ७ तर २०२० सालीच रिटायर झालं."

रिटायर म्हणजे भंगार, हे अण्णांच्या वर्मी लागतं.

इथले इंजिनियर चौकोन दिसला की ओके दाबतात. स्क्रीनवर काय लिहिलंय ते अण्णा वाचतात. बँकेत उभी हयात तारीख पाहिल्याशिवाय चेक पास केला नाही! चष्मा कपाळावरून खाली आला, क्रोमचा इशारा डायरीच्या मागच्या पानावर जसाच्या तसा उतरला. "अरे, हा म्हणतोय तुमचं घड्याळ मागे आहे." कोपऱ्यात तारीख : १ जानेवारी २००९.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला, की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि जुन्याच कुठल्यातरी सालात जागा होतो. मग आजच्या वेबसाइटचं प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून लागूच झालेलं नसतं. मुलगा हे समजावायला तोंड उघडतो तोवर अण्णा म्हणतात, "म्हणजे पुढच्या तारखेचा चेक! कोण वटवेल रे?"

सेलचं नाव सीआर २०३२. रुंदी २० मिलिमीटर, जाडी ३.२, म्हणून २०३२. आणायला नीलाद्री रोडपर्यंत जायचीही गरज पडली नाही. संध्याकाळी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे, ते अण्णा मोठ्यांदा वाचत होते. यापुढे अपडेट मिळणार नाही, असंही क्रोमने कळवलं. तेही त्यांनी उतरवून घेतलं.

सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "अण्णा, माझा ओट्स मोजायचा काटा का चालत नाहीये?"

"मूठभर घे गं," अण्णा म्हणाले. डायरीत नोंद होती : सूनबाई, सेल १, उसना.