पुंजीचे दोन टक्के

नवशिक्या पैजवाल्याला जाणकार पहिला मंत्र देतात: एका डावावर पुंजीच्या २ टक्क्यांहून जास्त लावू नये. १०,००० रुपये खिशात असतील तर २००. मंत्र उत्तम, फक्त त्यात माझगावचा हिशेब धरलेला नाही.

ऑनलाइन पैशांच्या खेळांना २०२५च्या केंद्रीय कायद्याने कुलूप लावलं. मुंबईत राजरोस उरली ती महालक्ष्मीची घोड्यांची शर्यत. तिथल्या पैजेवर २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के जीएसटी, आणि तोही नफ्यावर नव्हे, लावलेल्या पूर्ण रकमेवर. म्हणजे २०० रुपयांच्या डावाला वर ८०. पंचवीस डावांत हार-जीत बरोबरीत सुटली, तरी पुंजीतले २,००० गेलेच. यातला राज्याचा वाटा सांभाळणारं खातं माझगावच्या जीएसटी भवनात बसतं. घोडा कुठलाही येवो, ते हरत नाही.

१९६०च्या दशकात गिरणगावात बोकाळलेला वरळी मटका अर्थातच बेकायदा. पण दहांतला एक आकडा लागला की साधारण नऊपट मिळायचे. मटकेवाल्याची कापणी सरासरी १० टक्के. आजचा दर पाहून त्याला आपण धर्मादाय संस्थाच चालवली असं वाटलं असतं.

आणि नवशिका जिंकलाच, तर त्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर. आधी हरलेले त्यातून वजा होत नाहीत.