पायाखालची फरशी सरकली

न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या प्रगतीची शिडी ठरलेली होती: आधी ग्रीन कार्ड, मग स्वतःचं घर, मग ग्रॅनाइटचा ओटा. आता तिला आणखी एक पायरी लागली आहे: स्वयंपाकघरातली तापणारी फरशी. जिच्या घरी ती आली, ती गृहिणी जानेवारीत पाहुण्यांना आग्रहानं मोजे काढायला लावते.

यात बळी जातो भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या, गरम पाण्यावर चालणाऱ्या बेसबोर्ड हीटरचा. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ चकत्या, वर पत्र्याचं झाकण, एवढाच त्याचा संसार. खिडकीखाली बसून वरून उतरणारी गार हवा अडवायची, हे काम तो वर्षानुवर्षं निमूट करत आला. पण आता त्याच भिंतीला नवी कपाटं हवीत. शिवाय त्याच्या चकत्यांत फोडणीची मोहरी जाऊन बसते. झाली हकालपट्टी!

मग कॉन्ट्रॅक्टर येतो. फरशी उखडू, खाली पेक्सच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, नळ्या अंथरू, त्यांतून गरम पाणी फिरवू, म्हणतो. ऐकायला सोपं. पण बेसबोर्डसाठी बॉयलर 180 अंश फॅरनहाइटच्या आसपासचं पाणी पाठवतो. नळ्यांना साधारण 120 च्या आतलं लागतं आणि फरशी 85 च्या वर जाऊ द्यायची नसते. म्हणून गरम पाण्यात गार पाणी मिसळणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह आला. त्याच्यामागून पंप आला, थर्मोस्टॅट आला. खालून इन्सुलेशन नसेल तर निम्मी ऊब तळघरातले कोळीच खातील, म्हणून तेही आलं. एवढं करून फरशी इंचभर उंचावते आणि जुना डिशवॉशर ओट्याखाली अडकून बसतो.

नळ्या कपाटांखाली, फ्रिजखाली घालत नाहीत. उरते मधली चालायची पट्टी. खिडकीच्या फटी तशाच, आणि तापवायची ही पट्टी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! फरशी तापतेही सवडीनं. सकाळी बटण दाबून मंडळी ऑफिसात जातात. दिवसभर तिची ऊब घेतं कोपऱ्यातलं इडलीचं पीठ.

लाँग आयलंडवर हा प्रयोग होऊन गेलाय. 1947 पासून तिथल्या लेव्हिटटाउन या वसाहतीची हजारो घरं उभी राहिली, ती काँक्रीटमध्ये पुरलेल्या तांब्याच्या नळ्यांवर तापणारी. पुढे नळ्या गळू लागल्या. काँक्रीट कोण फोडणार? अनेकांनी भिंतीच्या कडेला बेसबोर्ड बसवून घेतले. आता तेच उपटून आपण पुन्हा जमिनीत शिरतोय. पेक्स तांब्यासारखा गंजत नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा फरशी बदलायचीच असेल तर नळ्या खुशाल घाला. पायांना सुख मिळतं, यात शंका नाही. नुसती कपाटांना जागा हवी असेल तर कपाटाच्या पायथ्याशी मावणारा पंख्याचा छोटा हीटर त्याच बॉयलरवर चालतो. आणि पायच तेवढे गार पडत असतील, तर आधी खिडकीच्या फटी बुजवा आणि सपाता घाला. सपातांना मिक्सिंग व्हॉल्व्ह लागत नाही.