फोनला रूट मारू नका, कंपनीला तारीख विचारा

‘‘फोन लय हँग मारायलाय भाऊ, बघा की जरा.’’ नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या मोबाइल दुकानांत हे वाक्य रोज ऐकू येतं. डोंगरकडा याच रस्त्यावरचं, केळीच्या पट्ट्यातलं गाव. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, ‘‘सॉफ्टवेअर मारून देतो.’’ एखादा हौशी पोरगा त्याच्याही पुढे जातो, ‘‘रूटच मारून देतो. कंपनीची फालतू अ‍ॅपं सगळी उडवतो, फोन पळायला लागेल.’’ गिऱ्हाईक मान हलवतं. नेमकं काय होणार हे त्याला कोणी सांगत नाही.

अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळा वापरकर्ता क्रमांक देतं आणि एका अ‍ॅपला दुसऱ्याचा डेटा वाचू देत नाही. फोनच्या मूळ यंत्रणेला हात लावायची परवानगी तर कोणत्याच अ‍ॅपला नसते. फोनच्या मालकालाही नसते. ती परवानगी मिळवणं म्हणजे रूट. मग कंपनीने कोंबलेली अ‍ॅपं काढता येतात, यंत्रणेतल्या फाइली बदलता येतात, कंपनीने सोडून दिलेल्या फोनवर नवं अँड्रॉइडही बसवता येतं. ही ताकद खरी आहे. ज्याला ती वापरता येते त्याच्याबद्दल मला आदर आहे.

मराठी माणसाने तर ती अगदी पोटतिडकीने वापरलेली आहे. अँड्रॉइड २.२ आणि २.३ च्या काळात कितीतरी फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. बातमी उघडली की चौकोन, मित्राचा निरोप उघडला की चौकोन. ऑपेरा मिनी वापरणाऱ्यांनी एक वाट काढली होती. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं आणि अवघड लिप्या चित्ररूपात दाखवण्याची सोय चालू करायची. त्याने फक्त ब्राउझरमधलं मराठी दिसायचं. पूर्ण फोनला देवनागरी हवी असेल तर फॉन्टची फाइल यंत्रणेच्या फोल्डरात ठेवावी लागे, आणि ते रूटशिवाय होत नसे. एवढं करूनही वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटायची. अखेर अँड्रॉइड ४.० पासून, म्हणजे २०११ च्या अखेरीस, देवनागरी फॉन्ट मूळ यंत्रणेतच यायला लागला. तोवर ज्या पोरांनी आपली भाषा वाचता यावी म्हणून वॉरंटी पणाला लावली, त्यांची काही चूक नव्हती. चूक होती ती कोट्यवधी लोकांची लिपी न टाकता त्यांना फोन विकणाऱ्यांची.

आजची गोष्ट वेगळी आहे, कारण फोनमध्ये आता पैसा आहे.

डोंगरकड्याच्या शेतकऱ्याच्या खिशातल्या फोनवर आज काय काय असतं ते मोजा. केळीचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. पैसे यूपीआयने येतात. सातबारा फोनवर, ई-पीक पाहणी फोनवर, पीएम किसानची केवायसी फोनवर. आणि या सगळ्यांची किल्ली असलेला ओटीपी त्याच फोनच्या मेसेजमध्ये. एका अ‍ॅपने दुसऱ्याचं काही वाचायचं नाही हा नियम अशा फोनवर मोडणं म्हणजे घरदार उघडं टाकणं आहे. रूटचा अधिकार हाती लागलेलं अ‍ॅप कोणत्याही अ‍ॅपची साठवण चाळू शकतं आणि यंत्रणेत असं लपून बसू शकतं की फोन रिसेट मारला तरी जात नाही.

हे घडलेलं आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘गुलिगन’ नावाचं दुष्ट सॉफ्टवेअर उघड केलं. ते अँड्रॉइड ४ आणि ५ च्या जुन्या फोनांत शिरून स्वतःच रूट मारायचं आणि गूगल खात्यांचे प्रवेश-टोकन चोरायचं. दहा लाखांहून जास्त खाती त्याच्या तावडीत सापडली. चोराला जे करायला एवढी खटपट करावी लागली, ते आपण काउंटरवर शे-दोनशे रुपये मोजून आपल्या हाताने करून घ्यायचं? त्यात काउंटरवर कोणती फाइल चढवली, ती कुठून उतरवली, हे चढवणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान’च्या किंवा वाहनाच्या ‘चलना’च्या नावाने एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांना तर रूटही लागत नाही. मेसेज वाचायची परवानगी फसवून घेतली की त्यांचं भागतं. मग जिथे परवानगी मागायचीच गरज उरत नाही, अशा फोनवर त्यांना कोण अडवणार?

बँकांनी हे ओळखलं आहे. रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २०२१ ला डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेबद्दल निर्देश काढले. फोन रूट केलेला आहे का हे तपासून, असेल तर अ‍ॅप चालू न देण्याची सोय करता येईल का ते पाहा, असं त्यांत बँकांना सांगितलं आहे. म्हणूनच रूट मारलेल्या फोनवर बँकेचं अ‍ॅप अनेकदा उघडतच नाही. मग गिऱ्हाईक पुन्हा त्याच दुकानात जातं, आणि दुकानदार रूट लपवणारं आणखी एक सॉफ्टवेअर चढवतो. आता बँकही फसली आणि आपणही. उद्या खात्यातून पैसे गेले तर बँकेला काय सांगणार?

आता वॉरंटी. रूट मारायच्या आधी बहुतेक फोनांत बूटलोडरचं, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या पहिल्या प्रोग्रामचं, लॉक काढावं लागतं. ते निघताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. बॅकअप न घेता फोन काउंटरवर ठेवलेल्या माणसाचे लेकराबाळांचे फोटो तिथेच जातात. पुढे मीडियाटेक चिपच्या कितीतरी फोनांत, फोन चालू केला की दर वेळी काळ्या पडद्यावर ‘ऑरेंज स्टेट’ ही इंग्रजी सूचना येते: या फोनचं लॉक काढलेलं आहे, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, पाच सेकंदांत चालू होईल. सॅमसंगने २०१३ पासून आपल्या बड्या फोनांत ‘नॉक्स’ नावाची सुरक्षा आणली. तिच्यासाठी चिपमध्ये एक बारीक फ्यूज असतो. कंपनीच्या सहीचं नसलेलं सॉफ्टवेअर चढलं की तो उडतो आणि नोंद शून्याची एक होते. ती एकाची पुन्हा शून्य होत नाही. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंग पे कायमचे बंद. दुकानदार म्हणतो, ‘‘काळजी करू नका, परत अनरूट करून देतो.’’ सॉफ्टवेअर परत येईल, फ्यूज येणार नाही. सर्व्हिस सेंटरवाला तो आधी बघतो.

पण इथे कंपन्यांनाही सोडायचं कारण नाही. रूट केला की वॉरंटी संपली, असा काही भारताचा कायदा नाही. ती अट कंपनीच्या कागदावरची आहे. चार्जिंगचा पॉइंट मुळातच कच्चा असेल, तर त्याचा रूटशी काय संबंध? तरी फोन रूट आहे एवढं दिसलं की दुरुस्ती नाकारणं सोपं जातं. हे मुकाट्याने ऐकून घेऊ नका. नकार लेखी मागा. २०२० च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जिथे तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला फी नाही. दोष तपासायला आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर पाठ करून ठेवा. बोर्डच जळालं असेल आणि फोन रूट असेल, तर मात्र भांडण जड जाईल.

कंपनीने मनात आणलं तर वेगळं वागता येतं, हेही आपल्याच देशात दिसलेलं आहे. मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या ब्रँडने डिसेंबर २०१४ मध्ये ‘यूरेका’ हा फोन ८,९९९ रुपयांना आणला, आणि रूट केल्याने वॉरंटी जाणार नाही असं उघड जाहीर केलं. तो रस्ता पुढे फारशा कंपन्यांनी धरला नाही. उलट लॉक आणखी घट्ट होत चालली आहेत. सॅमसंगने २०२५ मध्ये वन यूआय ८ या आपल्या सॉफ्टवेअरबरोबर बूटलोडर उघडण्याची सोयच काढून टाकली.

लॉक घट्ट करा, माझी ना नाही. पण मग त्या लॉकची राखणही करा. गूगलने पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला सात वर्षं अपडेट देण्याचा शब्द दिला आहे. ते महागडे फोन. दहा हजारांच्या आसपासच्या, म्हणजे डोंगरकड्यात खपणाऱ्या कितीतरी फोनांचे सुरक्षेचे अपडेट दोन-तीन वर्षांत थांबतात. फोन चांगला चालत असतो, पण भोकं बुजवणारं कोणी उरत नाही. ज्याच्या फोनमध्ये त्याचं सगळं खातं आहे, त्यालाच सर्वांत आधी वाऱ्यावर सोडलं जातं. हा अन्याय आहे, आणि रूट मारायला लोक जातात त्यामागे तोच आहे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे कंपनीला जाहीर करावंच लागतं. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनांसाठी नियम केला, की मॉडेलची विक्री संपल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट दिले पाहिजेत. आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटलीवर मुदत छापलेली असते. ती बघितल्याशिवाय शेतकरी बाटली उचलत नाही. फोनच्या खोक्यावर ही तारीख छापण्याची सक्ती केंद्र सरकारने करावी, आणि मुदत संपल्यावर मालकाला लॉक उघडायचा हक्क द्यावा.

तोवर एवढं करा. पैशाच्या फोनला रूट मारू नका. जुना, बिनसिमचा, बँकेचं काही नसलेला फोन असेल तर त्यावर पोरांना खुशाल शिकू द्या. काउंटरवर कोणी आधीच रूट मारून दिला असेल, तर त्या फोनवरची बँकेची अ‍ॅपं आजच काढा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा. आणि पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारून झालं की आणखी एक विचारा: सुरक्षेचे अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत? उत्तर बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्याकडून फोन घेऊ नका.