घाणेरीची बदली

चार इमलीत माणसाची ओळख बंगल्यावरून होते आणि बंगल्याची त्याच्या टाइपावरून. बायको सरकारात वरच्या हुद्द्यावर असल्यामुळे मीही या उतरंडीत कुठेतरी बसतो. चौकीदार मला ‘मैडमवाले साहब’ म्हणतो. भोपाळ 1956 साली राजधानी झालं, तेव्हापासून या शहराला बदलीचा सराव आहे. आदेश निघतो, ट्रक लागतो, पाटी बदलते, तुळशीची कुंडीसुद्धा नव्या गावाला जाते. बदली होत नाही ती एकट्या घाणेरीची.

आमच्या घाणेरीनं जागा मोठी हुशारीनं निवडली होती. मागचा चढ धरून ठेवणारी दगडी भिंत, तिला लागून वरच्या बंगल्याचं कुंपण आणि दोघांच्या मधे एखादा सडसडीत माणूस श्वास सोडून आडवा सरकेल एवढी फट. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला बंद पडलेला कूलर. तो सरकारी असल्यामुळे हलवता येत नाही. आमच्याकडून पाहिलं तर ती फट वरच्यांची, वरून पाहिलं तर आमची. आणि वर राहतात बायकोच्या साहेबांचे साहेब. ‘तुमची घाणेरी आमच्याकडे आलीय’ हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात अनेकदा तयार झालं, वर कधी गेलं नाही. बी टाकून गेले होते बुलबुल, त्यांना हुद्दा कळत नाही.

रीतसर अर्ज केला. बगिचा पाहणारे म्हणाले, मुळं भिंतीत आहेत, भिंतवाल्यांकडे जा. भिंतवाले म्हणाले, पानं हिरवी आहेत, बगिचावाल्यांकडे जा. शेवटी एक गृहस्थ पाहणीला आले. प्रकृतीनं भरलेले होते. फटीच्या तोंडाशी कुशीवर होऊन पाहिलं, पोट आत घेऊन पाहिलं आणि ‘स्थळ आढळले नाही’ असा शेरा मारून चहा घेऊन गेले.

मग मी स्वतःच कोयता घेतला आणि हात पोहोचेल तिथवर छाटत सुटलो. पावसाळा होता. जिथे एक फांदी छाटली तिथे चार फुटल्या. आमचे माळीचाचा जुन्या शहरातले. ते बिडी विझवून म्हणाले, “अरे साहब, आप ऊपर-ऊपर से काट रिये हो, वो नीचे से हँस रई है.”

चाचांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. ही बाई मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणलं. शोभा बागेत मावली नाही. गुरं तोंड लावत नाहीत, पाखरं फळं खाऊन बिया वाटत फिरतात, आणि आता कान्हा-पेंचच्या वाघांनाही तिच्यातून वाट काढावी लागते. निलगिरीतल्या कारागिरांनी मात्र तिच्या काड्यांचे पूर्ण उंचीचे हत्ती विणले आणि 2021 साली ते लंडनच्या बागांत उभे राहिले. माल मूळ मालकाकडे परत पाठवण्याची ही रीत मला फार आवडली, पण आमच्या फटीतून हत्ती निघाला नसता.

उपाय दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंनी शोधलेला सापडला: फांद्यांच्या नादी लागायचं नाही, जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मूळ तोडायचं आणि झुडूप तिथेच डोकं खाली, पाय वर करून ठेवायचं, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. हे मोकळ्या रानात ठीक. आमच्या फटीत गैंती उचलायलाही जागा नव्हती. चाचांनी तिचा दांडा निम्मा कापला आणि आपल्या नातवाला आत सोडलं. पोरगा पीएससीची तयारी करणारा, म्हणजे अंगानं पुरेसा वाळलेला. घाणेरीचे काटे मागे वळलेले असतात. आत जाताना शर्ट जातो, येताना राहतो. मी कूलरवर उभा राहून मार्गदर्शन करत होतो.

मूळ तुटलं, झुडूप शीर्षासनात गेलं आणि नेमके तेव्हाच कुंपणावरून साहेबांचे साहेब डोकावले. हातात चहाचा कप.

“क्या चल रहा है?”

“कुछ नहीं सर, थोड़ी सफाई.”

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “अरे, ये निकाल दिया? हमारी मैडम को इसके फूल बहुत पसंद थे. सुबह तितलियाँ आती थीं.”

संध्याकाळी बायकोनं मला काही विचारलं नाही, फक्त गाडीची किल्ली हातात दिली. आम्ही नर्सरीत गेलो. तिथे प्लास्टिकच्या कुंड्यांत ओळीनं मांडलेली तीच फुलं, पिवळी-गुलाबी, वर ‘लैंटाना’ अशी चिठ्ठी. मी सर्वांत महागडी कुंडी उचलली. पैसे मोजून घेताना नर्सरीवाला काळजीनं म्हणाला,

“ज़रा ध्यान रखना साहब, बड़ा नाज़ुक पौधा है. लग गया तो आपकी क़िस्मत.”