रीसेलकाका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आम्ही सगळे राहतो. रीसेलकाका फक्त फ्लॅट सांभाळतात. कुणासाठी? पुढच्या गिऱ्हाइकासाठी. हे गिऱ्हाईक गेली एकोणीस वर्षं यायचं आहे.

काकूंना दिवाणखाना पोपटी हवा होता. काका म्हणाले, "पोपटी तुला आवडतो. गिऱ्हाइकाला ऑफ व्हाइटच लागतो." देवघराला चाकं आहेत, येणाऱ्याचा देव कुठल्या दिशेचा असेल, कोण जाणे! भिंतीला खिळा ठोकायचा नाही, भोक दिसतं. म्हणून लग्नाचा फोटो कपाटावर टेकून उभा आहे.

काकांचा अभ्यास मात्र पक्का. "पैसा घालायचा तो ओट्यात आणि बाथरूममध्ये," ते सांगतात. "बाई ओटा बघते, म्हातारी माणसं कमोड बघतात आणि सासरा मान वर करून ओल शोधतो. फॉल्स सीलिंग केलंत की त्याला वाटतं, वर गळती झाकलीय!" शेजारच्यांनी गॅलरी आत घेतली, तेव्हा काका हळहळले. "बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा बघतो हो. तुमची वाढीव खोली त्याच्या हिशेबात नाहीच. उद्या घेणाऱ्याचं कर्ज अडकेल."

गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्या पोरांना त्यांनी आधी बाथरूममध्ये नेलं, बादलीभर पाणी ओतलं आणि उतार दाखवला. "बघा, थेंब थांबत नाही!" पोरांना वर्गणी एकशे एक मिळाली, वॉटरप्रूफिंगची माहिती मात्र पाच हजारांची.

घर विकताना सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो, हे कळल्यापासून काका पावत्या जपतात. नळाच्या वॉशरचीसुद्धा पावती लॅमिनेट केलेली. करसल्लागाराने ती जाडजूड फाइल चाळली आणि निम्म्या पावत्या परत केल्या. "काका, ही सुधारणा नाही, ही दुरुस्ती." त्या रात्री काका जेवले नाहीत.

मग सोसायटी पुनर्विकासाला निघाली. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. काका उरलेल्यांत होते. आर्किटेक्टचा पोरगा लेझर घेऊन मोजायला आला. ऑफ व्हाइट भिंतीवर लाल ठिपका पडला, यंत्रात आकडा उमटला, पोरगा निघाला.

"अहो, ओटा बघितला नाहीत," काकांनी त्याला दारात गाठलं. "ग्रॅनाइट आहे. खाली ट्रॉल्या."

"ओट्याची जागा कार्पेटमध्ये धरलीय, काका."

"आणि उतार?"

"उतार मोजत नाहीत."

वरच्या मजल्यावरच्यांकडे बिल्डिंगच्या जन्माची मोझेक फरशी, छताला नकाशाएवढी ओल. त्यांनाही वाढीव जागा त्याच टक्क्याने मिळाली, एक फूट कमी नाही. बुलडोझरने तर ग्रॅनाइट आणि मोझेक यांत काही डावं-उजवं केलंच नाही.

काका-काकू सध्या कर्वेनगरला भाड्याने राहतात. सामान लागल्यावर काकूंनी उत्साहाने हातोडी आणि लग्नाचा फोटो बाहेर काढला. काकांनी अकरा महिन्यांचा करार उघडून एका कलमावर बोट ठेवलं. घरमालकाला पुढेमागे फ्लॅट विकायचा आहे, म्हणून भिंतीला खिळा ठोकायला मनाई आहे.

"शहाणा माणूस!" काका म्हणाले.

फोटो कपाटावर आहे.