फुगडीचं वय

बारामतीत सकाळी फिरायला निघणाऱ्यांचे दोन गट आहेत. एक कालव्याच्या कडेने चालतो आणि दुसरा चालून आल्यासारखा दिसतो. मी दुसऱ्या गटातला. आमचा सरंजाम पहिल्या गटापेक्षा भारी. घाम टिपणारा टीशर्ट, उसळी देणारे बूट आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. चहाची टपरी आली की उसाच्या दराचा विषय निघतो, आणि हा विषय काही उभ्याउभ्या बोलण्यासारखा नाही. बोलताना हातवारे भरपूर होतात. घड्याळ तेही पावलांतच धरतं. त्याच्या हिशेबाने मी उसाच्या दरापायी कैक मैल चाललोय. तसा दहा हजार पावलांचा आकडाही कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याच्याबरोबर तो आला. आम्ही तो वेदवाक्यासारखा पाळतो, म्हणजे मानतो, आचरत नाही.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी मला जमिनीवर बसून दाखवायला सांगितलं आणि मग हात न टेकता उठायला. ही परीक्षा ब्राझीलच्या डॉ. क्लॉडिओ अराउजो यांची. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच. हात किंवा गुडघा टेकला की एक गुण गेला. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना त्यांनी असं उठवलं-बसवलं. ज्यांना गुण कमी पडले, त्यांच्यातली जास्त माणसं पुढच्या काही वर्षांत गेली, असं २०१२ साली त्यांनी जाहीर केलं. बसण्यात माझा कोणी हात धरणार नाही. उठताना मात्र डॉक्टरांनाच धरावा लागला.

त्यात माझा काय दोष? पाट माळ्यावर गेले. पंगती गेल्या, बुफे आला. सत्यनारायणालाही हल्ली प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात. घरात जमिनीला टेकायचं काम उरलंय ते फक्त फरशी पुसणाऱ्या बाईंना, आणि त्या दहापैकी दहा गुणांनी उठतात.

याच बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता भगवान करे ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. वय साठीपुढे, अंगावर नऊवारी, पाय अनवाणी. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात स्वतःचं काम त्यांनी स्वतःच केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांची खास दखल घेतली गेली. टपरीवर त्यांचं नाव निघालं की आमचा गट भारावतो आणि अनवाणी चालण्याचे फायदे सांगू लागतो. नवऱ्याच्या एमआरआयला पैसे नव्हते म्हणून ही बाई धावली, हा भाग चहाबरोबर गिळला जातो. "मजुरी करणाऱ्यांना वेगळा व्यायाम लागत नाही," असं आमच्यातले एक जण वरचेवर म्हणतात. त्यांना एकदा भर दुपारी खुरपायला पाठवावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आषाढीआधी तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीमार्गे सणसरला जाते. काटेवाडीत पालखीभोवती मेंढ्या धावतात. आमच्या भागात मेंढ्यासुद्धा धावतात. पुढे बेलवडीला सोहळ्यातलं पहिलं गोल रिंगण, मग इंदापूरला दुसरं. यंदा बायको म्हणाली, "अहो, निदान बघायला तरी चला."

बेलवडीच्या रिंगणात आधी पताकावाले धावले, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी, पखवाजवाले, आणि शेवटी अश्व. अश्व गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली आणि लगोलग फुगड्या सुरू झाल्या. आमच्यासमोर दोन आज्या. त्यांनी पदर खोचले, हाताला हात गुंफले, चवड्याला चवडे भिडवले आणि अंग मागे झोकून दिलं. पासष्टीपुढच्या माणसांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या दोघींनी संघटनेचा कोटा तिथल्या तिथे उरकला. वर तोंडाने पकवा चालूच.

एक आजी थांबली आणि माझ्याकडे वळली. "या की, घाला एक फुगडी."

"गुडघे झिजलेत हो माझे."

तिने माझ्या बुटांपासून घड्याळापर्यंत नजर फिरवली. "वापरल्याबिगर कसं झिजलं?"

बायको हसली, चपला काढल्या, पर्स माझ्या खांद्यावर अडकवली आणि आजीचे हात धरले. लग्नाला तीस वर्षं झाली, पण हिला फुगडी येते याचा मला पत्ता नव्हता. आजीने आपलं तुळशीवृंदावन माझ्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "हलू नका." सबंध सोहळ्यात मला झेपेल असं काम तेवढंच होतं.

तेवढ्यात एक वारकरीबुवा आले. सत्तर तरी उलटलेले. डोक्यावरची तुळस बघून त्यांनी "माउली" म्हणत माझ्या पायांना हात लावला. वारीत समोरचा पाया पडला की आपणही त्याच्या पाया पडायचं असतं. मी एका हाताने तुळस धरली, पर्स सावरली आणि वाकायला घेतलं. बुवा केव्हाच वाकून, उठून, हात जोडून उभे. मी अजून त्यांच्या गुडघ्यापर्यंतच पोचलो होतो. तिथून खाली जाता येईना आणि वर येता येईना.

"माउली, काय शोधताय?" त्यांनी काळजीने विचारलं, आणि तेही माझ्याबरोबर खाली बघू लागले.