आधी नारळ, मग पाइप

जमिनीला कुदळ लावण्याआधी परवानगी घ्यायची आपली परंपरा फार जुनी आहे. भूमिपूजनात गुरुजी पृथ्वीची क्षमा मागतात, वास्तुपुरुषाला आवाहन करतात, शेषाला नमस्कार करतात, अष्टदिक्पालांना रीतसर आमंत्रण जातं. मग नारळ फुटतो आणि नगरसेवकांच्या शुभहस्ते पहिली कुदळ पडते. मानकऱ्यांच्या या यादीत वीज कंपनीचा वायरमन तेवढा राहून जातो. त्यामुळे शेष हलत नाही, पण अर्ध्या गल्लीचे दिवे जातात.

पाणाड्या हातावर नारळ उभा करून दोनशे फुटांखालचं पाणी सांगतो आणि आपण त्यावर विश्वास ठेवून बोअर मारतो. दोन फुटांवरून गेलेली पाण्याची लाइन मात्र कोणालाच दिसत नाही. ती शोधायची आपली एकच खात्रीशीर पद्धत आहे: फोडायची. कारंजं उडालं तर पाण्याची. चौथ्या मजल्यावरचा वर्क फ्रॉम होमवाला बनियनवर गॅलरीत आला तर इंटरनेटची. कुजका वास सुटला तर मात्र जाणकारांत मतभेद होतात. ड्रेनेज की गॅस? स्वयंपाकाच्या नैसर्गिक गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण एवढी चर्चा ऐकून घेण्याआधीच कोणीतरी विचार करायला म्हणून सिगारेट पेटवतो.

सोसायटीत पावसाच्या पाण्यासाठी शोषखड्डा घ्यायचा ठरलं की हे नाटक पूर्ण लांबीचं होतं. चेअरमन विचारतात, ‘खाली काही आहे का?’ बिल्डरनं दिलेले नकाशे कपाटात असतात, कपाटाची किल्ली आधीच्या सेक्रेटरींकडे असते आणि आधीचे सेक्रेटरी आताच्या सेक्रेटरींशी बोलत नाहीत. सगळ्या लाइनी तोंडपाठ असलेला प्लंबर गावी गेलेला असतो. तो नेहमी गावीच गेलेला असतो. शेवटी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका चपलेनं जमीन दाबून बघतात आणि सांगतात, ‘काही नाही इथं, मारा.’ दहा मिनिटांनी जेसीबीवाला खाली उतरतो, खड्ड्यात डोकावतो आणि म्हणतो, ‘साहेब, लाइन गेली बगा.’ गेली म्हणजे तुटली. कुठून गेली ते आता सगळ्यांनाच दिसतं.

कागदावर सगळं शिस्तीत आहे. घरगुती दाबाची वीज केबल पाऊण मीटर खोल, अकरा हजार व्होल्टची नव्वद सेंटिमीटर, गॅसचा पाइप साधारण मीटरभर, ऑप्टिकल फायबर तर १.६५ मीटर. पुढे कोणी अंगणाचं लेव्हलिंग करून वरची माती बागेत टाकतो, कोणी पार्किंगसाठी उतार काढतो आणि मीटरभर खोलीवरचा पाइप वीतभरावर येतो. बागेच्या नळाचा पाइप तर मुळात चार बोटांवरच टाकलेला असतो. खाली केबल आहे हे कळावं म्हणून तिच्यावर वाळूचा थर टाकून विटा किंवा फरशा मांडतात, कधी रंगीत प्लॅस्टिकची पट्टीही अंथरतात. म्हणजे खणताना अचानक स्वच्छ वाळू आणि ओळीनं विटा लागल्या की थांबायचं. आपण थांबतोही, पण ‘विटा चांगल्या आहेत, तुळशीच्या कट्ट्याला होतील’ म्हणून. विटा निगुतीनं बाजूला रचल्या जातात आणि पहार पुन्हा उचलली जाते.

अमेरिकेत यासाठी ८११ हा नंबर आहे, २००७पासून देशभर. अंगणात खणायच्या काही दिवस आधी फोन करायचा, मग माणसं येऊन जमिनीवर रंगानं खुणा करून जातात: लाल वीज, पिवळा गॅस, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. पैसे पडत नाहीत. मीटरच्या आतली, घरमालकाची खासगी लाइन मात्र सहसा त्यात धरत नाहीत. न्यू जर्सीतला आपला मराठी माणूस कढीपत्त्याच्या रोपासाठीही मुकाट्यानं हा फोन करतो. तोच डिसेंबरात कोथरूडला आला की वडिलांना म्हणतो, ‘बाबा, पहार कुठाय?’

आपल्याकडे काहीच नाही असं समजू नका. केंद्र सरकारनं मार्च २०२३मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं. खोदणाऱ्यानं जागा कळवायची, तिथं ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना संदेश जातो. बेशिस्त खोदाईनं देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचं नुकसान होतं, हेही तेव्हा सरकारनंच सांगितलं. ॲपची अडचण एवढीच, की ते मोबाइलवर आहे आणि खोदताना आपला मोबाइल व्हिडिओ काढण्यात गुंतलेला असतो.

पूर्ण सुरक्षित खोदाई आपल्याकडे एकच: पर्यावरण दिनाचं वृक्षारोपण. तिथं दरवर्षी त्याच खड्ड्यात झाड लावतात. खाली काही नाही हे गेल्या वर्षीच सिद्ध झालेलं असतं, झाडासकट.

बाकीच्यांनी खणायच्या आठवडाभर आधी वीज, गॅस आणि पाणीवाल्यांना फोन करावा. खुणेच्या आसपास जेसीबी लावू नये, फावड्यानं हळूहळू माती काढावी. आणि गॅसचा वास आलाच तर काडी ओढू नये, बटण दाबू नये, मोबाइलही तिथं उभं राहून लावू नये. सगळ्यांना घेऊन लांब जावं आणि गॅसच्या बिलावर छापलेल्या आपत्कालीन नंबरवर कळवावं. ते बिल कुठं ठेवलंय हे तेवढं खणायच्या आधी शोधून ठेवा.